सोनेरी थर

"काळा गाळ कशाला दाखवायचा पाहुण्यांना?" म्हणत प्रयोगशाळेच्या संचालकांनी काचेच्या नरसाळ्याची तोटी फिरवली आणि उसाच्या चिपाडांपासून काढलेल्या तेलाचा खालचा थर बेसिनमध्ये सोडून दिला.

"सर, जळतं ते तेच होतं. वर उरलंय ते आंबट पाणी," मी म्हणाले.

"पण रंग बघा, अगदी सोन्यासारखा."

हा माणूस साडीच्या दुकानात शोभला असता.

पाहुण्यांसमोर त्यांनी त्या सोनेरी पाण्यात भिजवलेल्या वातीला काडी लावली. वात चरचरली, काडी विझली. मला वाटलं, आता तरी मान खाली घालतील.

संचालक हसले. "पाहिलंत? आगीची भीतीच नाही."

टाळ्या पडल्या. मी वळले आणि बेसिनच्या जाळीला चिकटलेलं इंधन चमच्याने खरवडायला लागले.