मास्तरांची दया

ठकू मांजरी मास्तरांच्या मांडीवर होती, टाके चाटू नयेत म्हणून तिच्या गळ्यात अडकवलेलं प्लास्टिकचं नरसाळं टेबलावर होतं, आणि ती मन लावून पोट चाटत होती.

बायकोने शिवणाची पिशवी दारातच टाकली. "अहो! नरसाळं कुणी काढलं?"

"मीच," मास्तर म्हणाले. आवाजात जरासा अभिमानही होता. "रडत होती गं बिचारी. सारखी भिंतीला आपटायची. म्हटलं, घटकाभर मोकळी होऊ दे."

घटकाभरात ठकूने काम उरकलं होतं. बायकोने तिला उताणी केली. भादरलेल्या पोटावरची टाक्यांची ओळ खालून उसवली होती आणि फटीतून लाल मांस दिसत होतं. उसवलेलं शिवणं हा बायकोचा धंदाच. पण हे कापड नव्हतं.

"ओरडू नकोस त्याच्यावर," सासूबाई आतून म्हणाल्या. "माझ्या लेकाचं काळीज लोण्याचं आहे."

"म्हणूनच मांजरं बिलगतात," टॉवेल शोधता शोधता बायको म्हणाली.

या लोण्याची ख्याती शाळेतही होती. मास्तरांच्या हातून एकही पोर नापास झालं नव्हतं. पाढे मात्र एकालाही येत नव्हते. सासूबाईंना साखर वर्ज्य, तर मास्तर त्यांच्या चहात गुपचूप दोन चमचे घालायचे, आणि त्यांच्या पायाची न भरणारी जखम बायको धुवायची. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे येत नाही म्हणतात. सोडायला मात्र या घरात एकजण कायम हजर होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "कालची भूल आत्ता कुठे उतरलीय. लगेच पुन्हा द्यायची म्हणजे जीवाशी खेळ. पण असंच ठेवलं तर आतडी बाहेर येतील. धरायला कोण थांबतंय?"

मास्तर केव्हाच बाहेर गेले होते. बाकावर कुत्रा घेऊन बसलेल्या एका बाईंना ते ठकूची करुण कहाणी सांगत होते. डोळ्यांत पाणी होतं.

"किती जीव लावता हो मुक्या जनावराला!" बाई म्हणाल्या.

आत, भूल चढेपर्यंत, त्या मुक्या जनावराने बायकोचा हात कोपरापर्यंत ओरबाडून काढला.

टाके पडले. ठकूने डोळे किलकिले केले तेव्हा कुठे बायकोने श्वास सोडला. डॉक्टरीणबाईंनी नवं नरसाळं पुढे केलं. "गाठ घट्ट मारा. हिला सुटता कामा नये."

"हिचं काही नाही हो," बायको म्हणाली. "यांना सुटणार नाही अशी मारते."

परतताना गाडी बायको चालवत होती, म्हणून ठकू मास्तरांच्या मांडीवर होती. तिची मान नरसाळ्यात लटपटत होती. मधूनच ती कण्हायची. मास्तरांची बोटं हळूच गाठीकडे सरकली.

"अहो."

बोटं थांबली. "अगं, पण मला नाही ना बघवत!"

"मग डोळे मिटा."

मास्तरांनी मिटले. पुढचा चौक येईतो ते घोरत होते.