माशाचा ठसा

“नापास,” स्कूटरच्या मागच्या सीटवरून उतरत बाबा म्हणाले.

वाटभर त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये झाकण लावलेला लाकडी मग होता, आत अर्धा चहा. आईने स्कूटर गल्लीतल्या तिन्ही गतिरोधकांवरून नेली होती, तीही वेग कमी न करता. लेकीने वाकून बाबांची विजार तपासली. ठणठणीत कोरडी होती.

“एक थेंब तरी दाखवा,” ती म्हणाली.

“थेंबाचं काय घेऊन बसलीस? झाकण उघडताना आवाज होतो.”

कालचा मग झाकण उघडताना आवाज होत नाही म्हणून नापास झाला होता. बंद आहे की उघडं ते कळायला नको का, असं त्यावर बाबांचं म्हणणं होतं.

लेक महिनाभर लेथवर उभी होती. नाकात भुसा, केसांत भुसा, आणि आईचं ऐकायचं तर जेवणातही भुसा. विमा कंपनीतली नोकरी सोडून तिने हे प्रवासात न्यायचे मग करायला घेतले होते. बाहेर कातलेलं लाकूड, आत स्टीलचं भांडं, वर रबर बसवलेलं घट्ट झाकण. बारा तयार होते. कोपऱ्यावरची दुकानदारीण ते घ्यायला आज पाच वाजता येणार होती. तिची अट एकच होती. बुडावर मासा हवा.

मासा म्हणजे बाबांचा ठसा. बाबा चाळीस वर्षांचे कातारी. पलंगाच्या पायापासून लाटण्यापर्यंत त्यांच्या लेथवरून उतरलेल्या प्रत्येक वस्तूवर तो डागलेला असे, आणि तो दिसला की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे. लोखंडी ठसा लालबुंद तापवायचा, लाकडावर एकदाच टेकवायचा, चार आकडे मोजायचे आणि उचलायचा. मध्ये हात जरा हलला की वस्तू वाया. एरवी हा ठसा बाबा खिशातून काढत नसत, झोपतानाही नाही. पास झालेल्या मगालाच मासा मिळणार होता, आणि आजवर एकही पास झाला नव्हता.

तसे बाबा गेल्या वर्षापासून जरा बिघडलेच होते. एका सकाळी त्यांनी लेथ बंद केला. कंटाळा आला म्हणाले. सगळे शर्ट कपाटात गेले आणि टी-शर्ट आले, कारण बटणं म्हणे म्हाताऱ्यांनी लावायची. रस्त्यावर सगळी गाढवं गाड्या चालवतात म्हणून स्कूटर आईकडे गेली. चहा अर्ध्या कपावर आला. उरलेला सगळा वेळ लेकीच्या कामात खुसपटं काढण्यासाठी मोकळा झाला.

चार वाजता लेकीने डाव टाकला. स्वयंपाकघरात आई ज्यात चमचे उभे करून ठेवायची, तो जुना लाकडी मग तिने रिकामा केला. घासला, पुसला, तेलाचा हात दिला. नव्यासारखा दिसायला लागल्यावर नेऊन बाबांसमोर टेबलावर ठेवला.

“हा तेरावा. बघा.”

बाबांनी हात पाठीमागे बांधले आणि लांबूनच पाहिलं.

“नापास. काठ ओबडधोबड आहे. कमरेत सुटलाय. शिकाऊ माणसाचं काम.”

लेकीने मग उलटा केला. बुडावर मासा होता, खवल्यांसकट रेखीव.

“शिकाऊ माणूस टी-शर्ट घालून समोरच उभा आहे,” ती म्हणाली.

बाबांची अशी जिरवल्यावर आपल्याला फार बरं वाटेल, असा तिचा अंदाज होता. उलट तिला रडूच यायला लागलं, आणि त्याचाही राग आला.

“मी लेथवर उभी राहिलेली तुम्हाला बघवत नसेल तर तसं सांगा, बाबा. आज हे बारा गेले नाहीत तर मी सोमवारी परत जाते. माझी खुर्ची अजून रिकामी आहे तिथे.”

 शेजारी उभ्या आईने खुंटीवरचं हेल्मेट काढून खुर्चीवर आपटलं.

“अहो, आता सांगून टाका. त्या स्कूटरचा वीट आलाय मला.”

बाबांनी खिशातून ठसा काढला आणि टेबलावर ठेवायला गेले. ठेवता ठेवता लोखंड लाकडावर चार-पाच वेळा टकटकलं. त्यांनी दुसऱ्या हाताने तो हात धरला. तोही हलतच होता.

“बाराच्या बारा पहिल्याच फेरीत पास होते,” ते म्हणाले. “मासा तू मार. माझ्या हातून त्याला दोन शेपट्या येतात.”