मार खायची रांग

सिनेमा सुरू होऊन तास झाला आणि हॉलमधलं हसू आटलं.

दिग्दर्शिका पडद्याकडे पाठ करून बसली होती. पहिल्या रांगेपुढे एक खुर्ची उलटी टाकून ती लोकांचे चेहरे बघत होती. पडद्यावरचं तिला पाठ होतं, चेहरे पाठ नव्हते. सुरुवातीला ते छान फुलले होते. मारामारीच्या सिनेमांची टर उडवणारा सिनेमा होता तो. हिरोचा आवाज मधूनच प्रेक्षकांना सांगायचा, "आता मागे स्फोट होणार आणि मी वळून बघणार नाही." लोक खो खो हसले. दुसऱ्यांदा त्याने असंच काही सांगितलं, तेव्हाही हसले. मग नुसते ओठ हलायला लागले. आता एका तरुणाच्या हनुवटीवर फोनचा उजेड पडला होता आणि त्याच्या शेजारचा गृहस्थ सरळ पेंगत होता.

शेवटच्या रांगेत वितरक बसला होता. त्याने आज हो म्हटलं तर सिनेमा थिएटरात लागणार होता. नाही म्हटलं तर तीन वर्षांचं काम कपाटात जाणार होतं.

सिनेमा संपला. दिवे लागले. टाळ्या पडल्या, पण कंटाळवाणं भाषण एकदाचं संपल्यावर पडतात तशा.

वितरक कोटाच्या एका बाहीत हात घालत पुढे आला. "बाई, तुम्ही हुशार आहात, वादच नाही. पण तुमचा सिनेमा स्वतःच स्वतःला गुदगुल्या करतो. अशाने कुणाला हसू येतं का?"

ती पहिल्या रांगेत बसलेल्या मामाजवळ गेली. मामाने जन्मभर सिनेमात मार खाल्ला होता. हिरोच्या जागी गच्चीवरून उड्या मारल्या होत्या, गुंडांच्या घोळक्यात उभं राहून गुद्दे झेलले होते. या सिनेमातही तो गुंडच होता. भाचीने त्याच्याच धंद्याची टिंगल केली होती आणि ती करायला तोही हौसेने आला होता.

"मामा, राग आला का?"

"राग कसला? कंटाळा आला."

ती त्याच्या शेजारी बसली.

"तो जिन्याचा सीन घे," मामा म्हणाला. "आम्ही सगळे गुंड शहाण्यासारखे रांगेत उभे. आपली पाळी आल्याशिवाय कुणी हिरोच्या अंगाला बोट लावत नाही. शूटिंगला तुझा कॅमेरावाला हसून हसून खाली बसला होता. आणि आज तुझा हिरो वरून काय सांगतो? 'बघा, गुंड नेहमी एकेकटेच येतात!' अगं, लोकांना डोळे आहेत की. घास चावून कशाला भरवतेस?"

"भीती वाटली रे मामा. सगळे म्हणाले, लोकांना चेष्टा कळणार नाही. मारामारीच वाईट केलीय असं वाटेल."

"मग वाटू दे. पडायच्या आधी आम्ही कधी ओरडून सांगितलं का, बघा हं, पडतोय म्हणून?"

हिरोचं ते सगळं बोलणं शूटिंग झाल्यावर, भीतीपोटीच, वरून भरलेलं होतं. दिग्दर्शिका उठली आणि हॉलच्या मागच्या लहान खिडकीकडे बघून तिने हाक मारली. "अरे, जिन्याचा सीन पुन्हा लाव. हिरोची बडबड बंद कर."

खिडकीतून संकलकाचं डोकं बाहेर आलं. "ताई, लोक निघालेत! आणि बडबड काढल्यावर उरणार काय?"

"तेच बघायचंय. लाव."

"हिरो मला मारेल."

"एकटाच येईल ना? मग घाबरतोस कशाला?"

वितरक दाराकडे निघाला होता. ती त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली. "पाच मिनिटं. नंतर नाही म्हणालात तर मी पुन्हा तुमच्या दारात येणार नाही."

दिवे गेले. लोक होते तिथेच, वाटेत, खुर्च्यांच्या मध्ये, पिशव्या हातात घेऊन अडकले. ती पुन्हा उलट्या खुर्चीवर जाऊन बसली.

पडद्यावर जिना. वर हिरो, खाली गुंडांची रांग. कुणी काही बोलत नव्हतं. एक गुद्दा, एक माणूस गडगडत खाली. मग शांतता. रांग एका पायरीने पुढे सरकली. एक गुंड नखं कुरतडत होता. दुसऱ्याने मागच्या म्हाताऱ्या गुंडाला अदबीने हात केला, आधी तुम्ही. म्हाताऱ्याने मान हलवली, छे छे, तुम्ही व्हा पुढे. तो म्हातारा म्हणजे मामा.

वाटेत उभं असलेलं कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याच्या मागचं. बघता बघता सगळा हॉल हसायला लागला. कुणीतरी दार उघडलं, तसा बाहेरचा उजेड पडद्यावर पडला.

"दार लावा ते!" वितरक खेकसला. कोटाची दुसरी बाही लोंबत होती, तसाच तो जवळच्या खुर्चीच्या हातावर टेकला.

पडद्यावर मामाची पाळी आली. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घडी करून खिशात ठेवला. हातातला जेवणाचा डबा मागच्याकडे दिला. वरून आणखी एक जण गडगडत आला. मामाने बाजूला होऊन त्याला वाट दिली, कॉलर सारखी केली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

हसू थांबलं. दिग्दर्शिकेला समोर सगळे चेहरे दिसत होते. एकही तिच्याकडे बघत नव्हता.

दाराशी पोचलेली एक पोक्त बाई हातातली पिशवी छातीशी धरून ओरडली, "अहो काका, नका जाऊ वर!"

पहिल्या रांगेत, अंधारात, मामा हलकेच म्हणाला, "असं कसं, बाई? पाळी आलीय माझी."