तानपुऱ्याची खुंटी

“घरातली बिडी बंद झाल्याशिवाय मंगलला माहेरी धाडणार नाही, मामा. पहिलं बाळंतपण असलं तरी नाही.”

जावयानं, म्हणजे अमृतनं, चहाचा कप हातात देता देता हे ऐकवलं. अमृत मिरजेला दवाखान्यात कंपाउंडर. छातीचे फोटो बघून बघून त्याला धुराचा भलताच राग. दादासो औंधाकडून एस्टी बदलत लेकीला न्यायचं ठरवायला आला होता. मंगलला पाचवा महिना लागला होता.

“दिवसाला किती?” अमृतनं विचारलं.

“एक बंडल. जत्रंत दीड.”

“कधीपासून?”

“लगीन झाल्यापासनं. बत्तीस वर्षं.”

मंगल पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होती.

“आणि तान्ह्या बाळाला त्या धुरात ठेवायचं? जमणार नाही.”

दादासोनं कप खाली आपटला. मेंढरांमागं उभा जन्म गेलेला माणूस तो, जावयासमोर मान खाली घालणं त्याच्या रक्तातच नव्हतं. “आमच्या घरात एकदा ठरलं म्हंजे ठरलं, पाव्हणं! सातव्या महिन्यात बिडीचा वास आला, तर माझं नाव दादासो न्हाई.”

बोलून तर बसला. पण बत्तीस वर्षांची सवय काय थुंकी आहे, टाकली आणि झालं?

एस्टी स्टँडकडं जाताना वाटेत सतारी-तानपुऱ्यांची दुकानं लागली. एका उंबऱ्यावर लालासाहेब कारागीर भोपळा घासत बसला होता आणि तोंडात चक्क तानपुऱ्याची खुंटी! दादासो थबकला.

“हे काय वो?”

“सिगारेटीची सवत,” लालासाहेब हसला. “ह्या भुशात ठिणगी पडली तर दुकान जाईल. म्हणून खुंटीला आरपार भोक पाडलं, आत ओवा, लवंग, चिमूटभर कापूर. तलफ आली की ओढायची. ओठाला काम लागतं बघा, दुसरं काय? वर्ष झालं, सिगारेटला शिवलो नाही.”

दादासोनं हट्टानं एक खुंटी मागून घेतली.

“ओढून तर बघा!”

“घरी गेल्यावर,” म्हणत त्यानं ती पटक्याच्या शेवात बांधली.

गावात दादासोच्या बिडीची कीर्ती मोठी. रोज दिवस मावळायला सिद्धूच्या दुकानातून बंडल घ्यायचं, घर गाठायचं, की घडीभरात परसातल्या कुडावरून धूर वर यायचा. “लागलं दादासोचं इंजिन!” असं पोरंठोरंसुद्धा म्हणायची. तो मात्र कधी कुणाला उलट बोलला नाही.

त्या दिवशी तो सिद्धूला म्हणाला, “आजपासनं बंडल नको.”

दुकानात खसखस पिकली. “कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, गड्या!”

“नळीच आणलीया. आता शेपूट बघू,” दादासो म्हणाला आणि ताठ मानेनं घरी गेला.

मग घराला जी कळा आली, विचारू नका. तिसऱ्या दिवशी भाकरी करपली, तवा अंगणात येऊन पडला. चौथ्या दिवशी कोंबडीवरून त्याच्या बायकोनं, तानुबाईनं, शेजारणीच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेजारीण सगळीकडं सांगत सुटली, “बिडी सोडतोय नवरा आन् पिसाळलीया बायकू!” पाचव्या दिवशी तर तानुबाईनं ती खुंटीच उकिरड्यात भिरकावली. दादासोनं निमूट शोधली, धुतली, नवा ओवा भरला.

“न्हाई जमायचं हे,” तानुबाई रडायला लागली.

“जमंल. लेक आईबिगर बाळंत झाल्याली चालंल का तुला?”

तिनं डोळे पुसले. त्यानंतरही कुडावरून धूर आला नाही. दोन महिने गाव कुडाकडं बघत राहिलं आणि शेवटी थकलं.

सातव्या महिन्यात अमृत स्वतः मंगलला घेऊन जीपनं आला, पण तिची ट्रंक त्यानं खाली उतरू दिली नाही. आधी तपासणी! घरभर वास घेतला, वळचणी चाचपल्या, सासऱ्याला “हा करा” म्हणून तोंड हुंगलं. मग त्यानं दादासोची बोटं उजेडात धरली.

“कमाल आहे! दोन महिन्यांत बोटांवरचा डागसुद्धा गेला?”

मंगलला एकदम खोकला आला. ती तोंड फिरवून उभी राहिली.

सरपंच नानासोनं चावडीपुढं माणसं गोळा केली होती. तालुक्यात व्यसनमुक्तीचं वारं होतं, त्याला आयताच पराक्रमी माणूस घावला. नारळ, फेटा, हार, सगळं तयार. “बत्तीस वर्षांची बिडी सोडणारा आपला वाघ!” नानासो गरजला. टाळ्या पडल्या. दादासो मान खाली घालून उभा.

“मामा,” अमृत कौतुकानं म्हणाला, “मघाशी सांगितलीत ती खुंटी दाखवा की सगळ्यांना!”

दादासोनं बंडीचा खिसा चाचपला. मग पटक्याचा शेव. मग पुन्हा खिसा.

“शेपूट वाकडं!” सिद्धू मागून ओरडला आणि सगळी चावडी हसली. अमृतचा चेहरा उतरला. त्यानं एकदा जीपमधल्या ट्रंकेकडं पाहिलं.

“हसू नगा!”

बायकांतून तानुबाई उठली. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर टाकला, कमरेची चंची सोडली, खुंटी काढली आणि सगळ्या गावादेखत दातात धरून एक लांब झुरका घेतला.

“त्यांच्यापाशी कशी घावंल? त्यांनी उभ्या जन्मात बिडीला हात लावला तो निस्ता आणून द्यायला. पाव्हणं, ट्रंक उतरवा. आन् नानासो, त्यो नारळ हिकडं आणा!”