पहिलं पुडकं

मार्सुदीने आपलं पुडकं सगळ्यांच्या आधी ड्रममध्ये टाकलं.

"हे माझ्या नातीचे डायपर," तो म्हणाला. "आता काडीही मीच लावतो. बघून घ्या."

वर्तमानपत्रात बांधलेलं ते पुडकं भसकन पेटलं आणि बघता बघता त्याची राख झाली. ड्रमभोवती पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात तसंच पुडकं होतं आणि पुढे कुणीच येत नव्हती.

ब्रांतास नदीच्या काठची ती गल्ली, आणि मार्सुदी तिचा मुखिया; सगळे त्याला आदराने 'पाक' म्हणत. सुराबाया शहरात प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या तेव्हा कापडी पिशव्या घेऊन बाजारात जायला बायकांनी फार कुरकुर केली नाही. घोडं अडलं ते डायपरांवर. पूर्वी ते काळ्या पिशवीत बांधून पुलावरून नदीत टाकायचे. आता पिशवी नाही, तर नुसतेच टाकू लागले, आणि पुलाखालचा डोह पांढरा दिसू लागला. कचरागाडी गल्लीत शिरत नव्हती. जाळायचं म्हटलं की बायका कानांवर हात ठेवायच्या. तान्ह्याचं घाण झालेलं फडकं जाळलं की त्याच्या अंगावर भाजल्यासारखे लाल चट्टे उठतात, सुलेतेन होतं, हे तिथे प्रत्येकीने आईच्या दुधासोबत घेतलेलं. नदी गार, म्हणून बाळही गार.

"पाक मार्सुदी, तुम्ही आजोबा पडलात," म्हाताऱ्या जुमिराने टोमणा मारला. "आई असता तर हात धजला असता का?"

"नात काय परक्याची आहे?"

"खरंच हो," त्याची सून नुनुंग म्हणाली. "बाबा पुडकी स्वतः बांधतात. मला हातसुद्धा लावू देत नाहीत."

तेव्हा एंडाह पुढे आली. बावीस वर्षांची पोर, शेवयांच्या गाड्यावर कामाला. कडेवर पाच महिन्यांचा बागास होता.

"पाकनी टाकलं ना? मग मीही टाकते," ती म्हणाली.

तिचं पुडकं बराच वेळ धुमसत राहिलं. मग एकेक करत बाकीच्यांनी टाकली. त्या रविवारपासून रिवाजच पडला. आधी मार्सुदी, त्याच्यामागे एंडाह, मग सगळ्या. दोन महिन्यांत डोहाचं पाणी दिसायला लागलं. महापालिकेच्या लोकांनी येऊन फोटो काढले, मार्सुदीच्या गळ्यात हार घातला. त्याला तो हार जड झाल्यासारखा वाटला, असं नुनुंग नंतर हसून सांगायची.

पावसाच्या तोंडावर बागासला ताप भरला. तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीवर लाल पुरळ उठलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी डेंगू सांगितला, डासांचा आजार सांगितला. पण एंडाहच्या सासूने ते लाल ठिपके पाहिले आणि तिला दुसरं काही ऐकायची गरज उरली नाही. पाचव्या दिवशी बागास गेला.

पुढचे सहा दिवस संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळी गल्ली त्यांच्या अंगणात जमत होती. एंडाह भिंतीला टेकून बसलेली असायची. रडत नव्हती, जेवत नव्हती. सातव्या दिवशी दुपारी ती एकटीच मार्सुदीच्या दारात उभी राहिली.

"पाक, एकच विचारायचंय. पण खोटं बोलू नका."

"बस आधी, पोरी."

"सासूबाई म्हणतात, तूच जाळलंस त्याला. सगळ्यांच्या देखत म्हणतात." तिने ओठ ओले केले. "तुमच्या तियासला एकदा बघू?"

मार्सुदीने नातीला उचलून आणलं. झबलं वर केलं. एंडाहने तिच्या पाठीवरून, पोटावरून, मांड्यांवरून सावकाश हात फिरवला. गुदगुल्या होऊन तियास खिदळली.

"एक डागसुद्धा नाही."

"नाही."

"आणि तिचे तुम्ही दर रविवारी जाळता."

"दर रविवारी."

"माझ्याही आधी?"

"तू बघतेसच की. तुझ्याही आधी."

एंडाह तियासकडे बघत राहिली. "मग जाळण्याने काही होत नसणार," ती हळूच म्हणाली. "झालं असतं तर हिला आधी झालं असतं."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, डास."

"डॉक्टर कुणाला काहीही सांगतात. तुमच्यावर विश्वास आहे माझा." तिचा आवाज फुटला. "म्हणजे मी नाही केलं, पाक?"

"तू नाही केलंस, पोरी."

ती तिथेच उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली. सात दिवसांचं रडणं होतं ते. नुनुंगने तिला भात वाढला, आणि तिने तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. जाताना म्हणाली, "तुमची नात सुखरूप आहे म्हणून मी जगेन बघा. नाहीतर आज मी पुलावरच निघाले होते."

त्या संध्याकाळी मार्सुदी प्रार्थनेला गेला. त्याचे ओठ हलत होते, पण शब्द तोंडातच राहत होते. त्याने मनाशी ठरवलं की आता खरं काय ते सगळ्यांना सांगून टाकायचं. मग त्याला समोर बसलेली एंडाह दिसली. सात दिवसांत पहिल्यांदाच ती सासूच्या नजरेला नजर देत होती. त्याने तो बेत सोडून दिला.

सकाळी मासळी आणायला म्हणून त्याने स्कूटर बाहेर काढली. दोन गावं मागे टाकून, जिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं अशा एका पुलावर तो थांबला. पुढे-मागे पाहिलं. मग सीटखालून तियासच्या आठवडाभराच्या डायपरांची काळी पिशवी काढली आणि दर आठवड्यासारखी अलगद गार पाण्यात सोडली.