जुनं काढून टाका

संगणकाच्या पडद्यावर पुन्हा तीच पाटी होती : ‘कृपया थांबा. जुळणी सुरू आहे.’ सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“आजही?” जुईलीनं पर्स टेबलावर आपटली. “काका, तुम्ही परत जुना प्रोग्राम उघडलात?”

खुशालरावांनी गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका बाजूला सरकवला. “थोडासा पाह्यला. काहून?”

काहून म्हणे! अकोल्यात जठारपेठेतल्या त्या रक्तदाता मंडळात नऊ हजार दात्यांची यादी एकाच संगणकावर होती, आणि त्या संगणकावर यादीच्या प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या सवतींसारख्या नांदत होत्या. जुनी उघडली की नवी रुसायची. स्वतःला पहिल्यापासून बसवून घेत पंधरा मिनिटं खायची, वर अर्धी बटणं चालायची नाहीत. तेवढ्यात कुणाला रक्त लागलं, तर त्यानं काय करायचं?

नवी आवृत्ती जुईलीनं आणली होती. नोकरीला लागल्याच्या दुसऱ्याच महिन्यात तिनं सगळी यादी एकटीनं, दोन दिवसांत, जुन्यातून नव्यात नेली. मंडळाचे सचिव बापूसाहेब यांनी वर्धापनदिनी शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. फोटो भिंतीवर लागला. सहा महिन्यांत कामात चूक निघाली नाही, तर तिला कायम करणार होते. वडील अंथरुणाला खिळल्यापासून घर तिच्या एकटीवर होतं, आणि ही नोकरी टिकणं भागच होतं.

तिनं कळफलकाला हात लावला. बोट चिकटलं. फटीफटींत सुपारीचा चुरा बसला होता. तिला शिसारी आली. पुसलेलं फडकं तिनं दोन बोटांत धरून बादलीत टाकलं.

“हे काका साडेसातलाच कशाला येऊन बसतात हो?” तिनं झाडलोट करणाऱ्या माणिकबाईंना विचारलं.

“मले काय मालूम! पयले तं बडनेऱ्याहून रेल्वेनं दहाच्या टायमालेच येत होते. तुमचा सत्कार झाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लवकर येऊन राह्यले.”

म्हणजे हे असं होतं तर. बावीस वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पोटात दुखत होतं.

“नव्यात काय कमी आहे, ते तरी सांगा,” तिनं एकदा त्यांना तोंडावर विचारलं.

खुशालरावांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. “नवं चांगलंच हाये, ताई. मले जुन्याची आदत हाये, म्हून.”

आदत! सुधारणार नाही तो नाहीच. जुलै उजाडला तेव्हा तिचा संयम संपला आणि ती बापूसाहेबांकडे गेली. “साहेब, रोजचा वीट आलाय. ते जुनं आधी काढून टाका.”

बापूसाहेबांनी दोघांनाही समोर उभं केलं.

“दोन हप्ते द्या, साहेब,” खुशालराव म्हणाले. “मंग मीच काढून टाकतो.”

“दोन आठवड्यांत काय होणार आहे?” बापूसाहेबांनी विचारलं.

खुशालरावांनी एकदा जुईलीकडे पाहिलं, मग ते खिडकीशी जाऊन थुंकून आले. तिनं तोंड फिरवलं. काही माणसांना लाज म्हणून नसतेच.

बापूसाहेबांनी त्यांना दुसऱ्याच दिवशी लांब नांदगाव खंडेश्वरच्या शिबिरांवर धाडलं. संगणक दुरुस्तीवाला गोपाल आला, त्यानं जुना प्रोग्राम काढला.

“जुन्या यादीची एक कॉपी ठेवू काय, ताई?”

“काही ठेवू नका. सगळं साफ करा.”

पुढच्या सकाळी नवी आवृत्ती दहा सेकंदांत उघडली. कळफलकही कोरा होता, बोट कुठे चिकटत नव्हतं. अकरा वाजता बापूसाहेबांनी टेबलावर लिफाफा ठेवला. कायम झाल्याचं पत्र. माणिकबाईंनी न सांगता चहा आणला, आणि कितीतरी दिवसांनी जुईलीला तिथल्या चहाची चव लागली.

चहा अर्धा झाला असेल तेव्हा फोन वाजला. दवाखान्यातून होता. बाळंतपणात बाईचं फार रक्त गेलं होतं. एबी निगेटिव्ह हवं होतं, लगेच.

“एक मिनिट थांबा, देते.” तिनं शोधलं. शून्य. पुन्हा शोधलं. शून्य.

नऊ हजारांत एकही नाही? निदान तीसेक तरी हवे होते.

खुशालरावांचा फोन लागेना. त्यांच्या खणात एक वही असायची, नंबर तिच्यात असतील. तिनं खण ओढला. खर्र्याच्या पन्न्या, चुन्याची डबी, आणि खाली तपकिरी डाग पडलेली वही. किळस गिळून तिनं पेनाच्या टोकानं पान उलटलं.

पहिल्या पानावर तारीख होती, तिच्या सत्काराच्या दुसऱ्या दिवसाची. खाली नावं. नावांपुढे प्रत्येक ओळीत तेच : ‘जुन्यात निगेटिव्ह. नव्यात पॉझिटिव्ह पडलं. दुरुस्त केलं.’ रोज तीन, कधी चार. पानामागून पानं.

शेवटच्या पानावर तीनच ओळी होत्या.

‘ए, बी, ओ झाले.

एबी बाकी.

पोरगी कायम होयेपर्यंत कोणाले सांगाचं नाही.’