अंबुजाचा भाऊ

"ओळखलंस का गे?" जयतीर्थानं विचारलं.

अंबुजानं त्याच्याकडे नीट पाहिलं. भरघोस मिशी, जरीकाठी उपरणं, काखेत छत्री. मग तिनं डॉक्टर गजेंद्रांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"इतक्या वर्षांनी आलास अण्णा," ती म्हणाली, "आणि तेही हात हलवत?"

मद्रासच्या त्या वेड्यांच्या इस्पितळात दर महिन्याला पाहणी समिती बसे. समिती म्हणजे निवृत्त जज्ज चंद्रमौळी. बाकीच्या सभासदांना त्या दिवशी नेमकं बरं नसे.

अंबुजाला सत्तेचाळीस साली नवऱ्यानं इथे आणून सोडलं होतं. त्याच्या दुसऱ्या लग्नाच्या वरातीत तिनं दगड मारला होता. नेम चुकला असता तर ती नुसती तापट ठरली असती. बसला, म्हणून वेडी ठरली.

ती ठणठणीत असल्याचं डॉक्टर कधीपासून लिहून देत होते. पण बाहेर न्यायला कुणी तरी हवं. कायद्यात 'नातेवाईक किंवा मित्र' असं होतं. नवरा येत नव्हता, माहेर उत्तर देत नव्हतं, आणि बाईला मित्र असतो हे आजवर कुठल्याच समितीला पटलं नव्हतं. कायदा बदला म्हणून डॉक्टरांनी दिल्लीला कळवलं होतं. दिल्ली विचार करत होती.

"भाऊ कशावरून?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"आईच्या हातची, उडदाचं पीठ दह्यात कालवलेली डांगर पचडी अजून जिभेवर आहे, साहेब. वरून मोहरीची फोडणी..."

"मोहरी?" अंबुजा ताठ झाली. "आमची आई मोहरी घालायची? कच्चा कांदा नि हिंग, बस्स. मोहरी तुझ्या बायकोच्या माहेरची."

"वसंताचं नाव काढू नकोस."

"काढणार. माझी वीणा तिनं स्वतःच्या भावाला देऊन टाकली."

"मोडकी वीणा. माझ्या पाठीत घालून तूच मोडलीस."

"चांगली घातली. अजून घालीन."

जज्जसाहेबांनी टेबलावरचा पेपरवेट हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

"पुरे. परक्याशी इतकं कुणी भांडत नाही," ते म्हणाले. "घरी कोण कोण असतं?"

"मी नि वसंता. थोरल्या बहिणीची गोदा आहे. झालंच तर आमच्या तुळसावहिनी. जॉर्ज टाउनात घर आहे, माडीवर एक खोली रिकामी आहे."

"वाढतं घर दिसतंय," जज्जसाहेब म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

डॉक्टरांचा चष्मा एव्हाना फार स्वच्छ झाला होता.

फाटकापाशी एका घोड्याचा जटका उभा होता. गाठोडं मांडीवर घेऊन अंबुजा आत बसली. तिनं मान बाहेर काढून रस्ता पाहिला.

"छत्री इकडे धर, अण्णा," ती म्हणाली. "सगळं ऊन मलाच लागतंय."

जयतीर्थ छत्री उघडत होता, तेवढ्यात जज्जसाहेब काठी टेकत पायऱ्या उतरून आले. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"दिल्ली कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तुम्ही निदान मिशी तरी बदलत चला. मागच्या खेपेला गोदाबाईंचे मामा होऊन आलात, त्याआधी तुळसाबाईंचे दीर. मिशी मात्र तीच."